लाइट आली, पण स्विच का सापडत नाही?

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात कोल्हापुरात लाइट जाणार आणि येणार, हे आपण धरूनच चालतो. पण ज्यांनी घरातले दिवे, पाण्याच्या टाकीचा सेन्सर, गेटचा कॅमेरा असं सगळं होम असिस्टंट या सॉफ्टवेअरला जोडलंय, त्यांची खरी अडचण लाइट परत आल्यावर सुरू होते. मोबाइल उघडावा तर निम्म्या वस्तूंपुढे ‘अनअव्हेलेबल’ लिहिलेलं. मग माणूस वैतागतो आणि ती जोडणी, म्हणजे इंटिग्रेशन, काढून टाकून पुन्हा पहिल्यापासून करायला बसतो. माझी कळकळीची विनंती आहे, तेवढं आधी करू नका. बहुतेक वेळा बिघाड त्या इंटिग्रेशनमध्ये नसतोच.

होम असिस्टंट हे २०१३ साली पॉलस स्काउटसन यांनी सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरही ते चालतं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एका जागी आणतं. लाइट आली की हा छोटा कॉम्प्युटर, राउटर आणि सगळे स्विच एकदमच सुरू होतात. राउटर प्रत्येकाला आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा क्रमांक, वाटतो, आणि तो कालचाच असेल असं नाही. काही इंटिग्रेशन मात्र जुन्याच पत्त्यावर वस्तू शोधत राहतात. उपाय राउटरमध्येच आहे. डीएचसीपी रिझर्व्हेशन नावाच्या सोयीत प्रत्येक वस्तूचा पत्ता कायमचा बांधून टाका. राउटर आणि त्या छोट्या कॉम्प्युटरला एक लहान यूपीएसही द्या. तेवढ्यानेच बराच ताप वाचतो.

नवीन वस्तू जोडतानाच अडत असेल, तर आधी वायफाय बघा. स्वस्तातले बहुतेक स्मार्ट प्लग आणि बल्ब वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, मोबाइल मात्र ५ गिगाहर्ट्झवर असतो, म्हणून जोडणी अर्ध्यात तुटते. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवरही वस्तू जोडू नका, तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू न देण्याचीच व्यवस्था असते.

झिगबी, म्हणजे वायफायशिवाय स्मार्ट वस्तूंना जोडणारी बिनतारी पद्धत, तिचं प्रकरण जरा वेगळं आहे, आणि आपल्या जुन्या पेठांतल्या घरांसाठी महत्त्वाचं. शुक्रवार पेठेत, मंगळवार पेठेत अजून जाड भिंतींची घरं आहेत. माडीवरच्या सेन्सरचा निरोप खालच्या खोलीत थेट पोचणं अवघड. झिगबीत स्लॅबच्या कामावर घमेली हातोहात जातात तसा निरोप एका वस्तूकडून दुसरीकडे जातो. पण हे काम कायम विजेवर असणाऱ्या वस्तू करतात, सेलवर चालणारे सेन्सर करत नाहीत. म्हणून जिन्यात एक झिगबी प्लग लावला तरी फरक पडतो. आणि घरातल्या मोठ्यांना नीट समजावून सांगा, स्मार्ट बल्बचं भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब तर जातोच, त्याच्या आधारावर असलेला सेन्सरही हरवू शकतो.

झिगबीच्या वस्तूंशी बोलणारी यूएसबी स्टिक थेट कॉम्प्युटरला खोचू नका. यूएसबी ३ पोर्टमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास असतो. मीटरभर एक्स्टेंशन वायर घेऊन स्टिक लांब ठेवा. वायफायही त्याच पट्ट्यात. वायफाय १ नंबरच्या चॅनेलवर असेल तर झिगबी २५वर ठेवलेलं बरं. मात्र चॅनेल बदलल्यावर काही वस्तू पुन्हा जोडाव्या लागतात, तेव्हा हे सुरुवातीलाच ठरवा.

एवढं करूनही जमेना, तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हायसेस अँड सर्व्हिसेस’ उघडा. त्या इंटिग्रेशनच्या तीन टिंबांत ‘रीलोड’ आहे, तो आधी वापरा. मग तिथलंच ‘डीबग लॉगिंग’ चालू करून, बिघडलेली गोष्ट मुद्दाम एकदा करून बघा आणि लॉगिंग बंद करा. नोंदींची फाइल हाती येते. त्यात ‘टाइमआउट’ दिसला तर वस्तूपर्यंत पोचताच येत नाही, नेटवर्क तपासा. ‘ऑथेंटिकेशन’ची तक्रार असेल तर पासवर्ड किंवा परवानगी संपलीय.

विकत घेतानाच एक गोष्ट बघा, आणि यात मी ठाम आहे. वस्तू घरातल्या घरात चालते, की कंपनीच्या सर्व्हरवरून? वादळात केबल तुटली, इंटरनेट गेलं, तर सर्व्हरवर अवलंबून असलेली जोडणी लाइट असूनही बंद पडते. स्वयंपाकघरातला दिवा लावायला दूर कुठल्या देशातल्या सर्व्हरची परवानगी का लागावी? झिगबी आणि मॅटर या जोडणीच्या पद्धती, ईएसपीहोम आणि टास्मोटा ही वस्तूंच्या आत भरायची सॉफ्टवेअर, यांत घरातल्या घरात काम होतं.

आता पाण्याची मोटर. पाणी यायच्या वेळेला ती आपोआप सुरू व्हावी, असं खूप जणांना वाटतं. पण सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, साधा स्मार्ट प्लग त्यात जळू शकतो. मध्ये योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट पेलणारा विजेवर चालणारा स्विच, हवाच. स्मार्ट स्विचच्या सेटिंगमध्ये लाइट आल्यावर तो ‘बंद’च राहील असं ठेवा, नाहीतर घरी कोणी नसताना मोटर कोरडी फिरत राहील. टाकीतला फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालणारा तरंगता स्विच, काढू नका, सॉफ्टवेअर अडकलं तरी तो मोटर थांबवतो. वायरिंगचं हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि त्यांच्यासमोरच मेन स्विच एकदा बंद-चालू करून मोटर बंद राहते का ते बघा.

नमस्कार.