टाचेतला काटा आणि बाटलीतला फेस

श्रोतेहो, नमस्कार. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांपासून जी जहाल रसायने तयार करतात, त्यांविषयी आज मी बोलणार आहे.

मी नऊ वर्षांचा असताना, अमळनेर तालुक्यातील आमच्या शेतात कपाशीची वेचणी चालू होती आणि बांधावरच्या बाभळीचा काटा माझ्या टाचेत घुसून त्याचे टोक आतच मोडले. अनवाणी फिरू नकोस, असे मला अनेकदा बजावलेले असल्यामुळे मी तीन दिवस कोणाला काही सांगितले नाही. चौथ्या दिवशी टाच टरारून सुजली, फोड फुटला आणि हिरवट पू वाहू लागला, तेव्हा आजीने मला कडेवर घेऊन गावातल्या कंपाउंडरकडे नेले. त्यांनी तपकिरी बाटलीतले पाण्यासारखे औषध जखमेवर ओतले मात्र, पांढरा फेस फसफसून वर आला. "काय व्हयनं रे भाऊ?" असे आजी ओरडली, कारण नातवाचा पाय उकळतो आहे असेच तिला वाटले. घाण निघते आहे, अशी कंपाउंडरांनी तिची समजूत घातली. घरी आल्यावर तिने माझे भरीत बंद केले. वांग्याने जखम चिघळते ही समजूत मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही.

त्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड होते. फेस घाणीचा नव्हता. आपल्या पेशींतील कॅटलेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया झटपट घडवणारे प्रथिन (एन्झाइम), पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. त्या ऑक्सिजनचे ते बुडबुडे होते. आणि कंपाउंडरांनी जे बाहेरून ओतले, तेच रसायन माझ्या टाचेत आधीपासून तयार होत होते.

न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतू गिळते, तेव्हा तिचा ऑक्सिजनचा वापर कितीतरी पटींनी वाढतो, हे बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांनी १९३३ मध्ये नोंदवले. हा ऑक्सिजन पेशीच्या ऊर्जेसाठी नसतो. पुन्हा सांगतो, तो ऊर्जेसाठी नसतो, मारण्यासाठी असतो. पेशीच्या पटलातील एक विकर त्याचे सुपरऑक्साइड करते, सुपरऑक्साइडचे पेरॉक्साइड होते, आणि मायलोपेरॉक्सिडेज हे दुसरे विकर पेरॉक्साइड व मिठात असते तेच क्लोराइड यांपासून हायपोक्लोरस आम्ल बनवते. गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकल्यावर जंतू मरतात ते याच आम्लाने. मायलोपेरॉक्सिडेज रंगाने हिरवे असते, म्हणून माझा पू हिरवट होता. त्याला नुसती घाण म्हणणे हा लढून मेलेल्या पेशींवर अन्याय आहे.

मॅक्रोफेज या मोठ्या भक्षक पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड वायू काढतात. तो सुपरऑक्साइडला भेटला की पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी तिखट रसायन होते. आर्जिनिन शेंगदाण्यात भरपूर असते, परंतु मूठभर दाणे खाऊन जखम भरेल, असे कोणी समजू नये.

काही बालकांत सुपरऑक्साइड करणारे विकर जन्मतःच सदोष असते. त्यांच्या पेशी जंतू गिळतात, पण कित्येक जंतू त्यांना मारता येत नाहीत, आणि वारंवार गळवे होतात. माझे विकर शाबूत होते. कंपाउंडरांच्या चिमट्याला न सापडलेले काट्याचे टोक आठव्या दिवशी पुवाबरोबर आपसूक बाहेर आले, आणि आजीने ते चुलीत टाकले.