गुंता होण्याआधी

२६ नोव्हेंबर १९०१. जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगुस्टे डेटर जेवायला बसल्या आहेत. ताटात फ्लॉवर आणि डुकराचे मांस आहे. काय खात आहात, असे डॉक्टर आलोइस अल्झायमर विचारतात, तेव्हा त्या ‘पालक’ असे सांगतात. समोर धरलेल्या वस्तूंची नावे त्या बरोबर सांगतात, पण थोड्याच वेळाने आपल्याला काय दाखवले होते, हे त्यांना आठवत नाही. १९०६ मध्ये त्यांच्या निधनानंतर अल्झायमर यांनी मेंदूचे काप चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा चेतापेशींच्या आत जाड, काळ्या धाग्यांचे गुंते दिसले. ते धागे टाऊ नावाच्या प्रथिनाचे आहेत, हे कळायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

निरोगी मेंदूत हेच टाऊ उपयोगाचे असते. चेतापेशीच्या लांबच लांब तंतूतून ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांसह सगळ्या मालाची ने-आण सूक्ष्मनलिकांवरून चालते आणि टाऊ या नलिकांना चिकटून त्यांची घडण सांभाळते. त्याला रुळांखालच्या स्लीपरची उपमा देतात, ती पूर्णपणे बरोबर नाही. टाऊ एका जागी पक्के बसत नाही, ते क्षणभर टेकते, सुटते आणि पुन्हा दुसरीकडे टेकते. पुढे या डॉक्टरांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात त्याच्यावर नेहमीच्या तिप्पट-चौपट फॉस्फेट गट (फॉस्फरसयुक्त छोटे रासायनिक तुकडे) चढतात, नलिकेवरची त्याची पकड सुटते आणि एरवी जिथे ते फारसे आढळत नाही, त्या संदेश घेणाऱ्या शाखांमध्ये ते साचू लागते. दोन पेशी जिथे एकमेकींशी बोलतात, ते चेतासंधी तेथे दुबळे पडत जातात.

डोळ्यांना गुंता दिसतो, म्हणून सारा दोष त्याच्याच माथी मारणे सोपे होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या मेंदूत सदोष मानवी टाऊ तयार होणे औषधाने रोखले गेले, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती सुधारली. गुंते मात्र वाढतच राहिले. त्या उंदरांमधला जनुकीय दोष अल्झायमरचा नव्हता, दुसऱ्या एका स्मृतिभ्रंशाचा होता, हे सांगायलाच हवे. तरीही पेशी मरण्यापूर्वी, गुंता पुरता वळला जाण्यापूर्वीच सुटे टाऊ मेंदूचे काम बिघडवू शकते, ही गोष्ट त्यातून ठळकपणे पुढे आली, आणि आजाराची सुरुवात समजून घेताना मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते.

हा बिघाड कुठे सुरू होतो, यालाही अर्थ आहे. हाइको आणि एव्हा ब्राक या मेंदूच्या अभ्यासकांनी १९९१ मध्ये दाखवून दिले, की गुंते मेंदूभर एकदम पसरत नाहीत. कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या एंटोऱ्हायनल कॉर्टेक्सच्या परिसरात ते आधी दिसतात, मग नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये आणि नंतर बाह्यपटलावर. नव्या अनुभवांची नोंद हिप्पोकॅम्पसपर्यंत पोहोचते ती मुख्यतः एंटोऱ्हायनल भागातून, आणि जागेचे, दिशेचे भानही येथेच घडते. म्हणूनच चाळीस वर्षांपूर्वीचे लग्न तपशीलवार सांगणाऱ्या आजी सकाळी कोण येऊन गेले, हे मात्र पुन्हा पुन्हा विचारतात, आणि ओळखीच्या वळणावर आजोबा गोंधळून उभे राहतात.

वाढत्या वयात या भागात थोडे गुंतलेले टाऊ अनेकांच्या मेंदूत सापडते. पेशींबाहेर अमायलॉइड नावाचे दुसरे प्रथिनही साचलेले असेल, तर टाऊ पुढे पसरण्याची शक्यता वाढते. आज पेट स्कॅन (PET) या मेंदूच्या चित्रणात हा पसारा जिवंत माणसात पाहता येतो. रक्तातील पी-टाऊ २१७ हा टाऊचा फॉस्फेट चढलेला प्रकार तर स्कॅनवर गुंते ठळक होण्याच्याही आधी वाढू लागतो.