प्रीती आधी येते

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की वसईच्या वाड्यांपासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधील जुन्या मंडळ्यांपर्यंत (म्हणजे चर्चच्या उपासक समुदायांपर्यंत) ख्रिस्ती घरांवर कागदाची चांदणी चढते, अंगणात गोठ्याचा देखावा उभा राहतो, स्वयंपाकघरात करंज्यांचे सारण परतले जाते आणि शेजारीपाजारी फराळाची ताटे जाऊ लागतात. हा आनंद मला मनापासून प्रिय आहे. मात्र हा सण ज्या घटनेवर उभा आहे, तिच्यासंबंधी ख्रिस्ती श्रद्धा नेमके काय सांगते, हे आज आपल्यापुढे मांडावे असे वाटते. ती सांगते की देवाने माणसावर प्रीती केली, ती माणूस लायक ठरण्याची वाट न पाहता केली, आणि त्या प्रीतीने माणूस मुळापासून बदलू शकतो.

बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, दुसऱ्या अध्यायात ख्रिस्तजन्माची हकिकत अगदी थोड्या शब्दांत येते. रोमी सम्राट औगुस्त कैसराच्या आज्ञेवरून लोकांची नावनिशी व्हायची होती, म्हणून योसेफ गालीलातील नासरेथ सोडून, गरोदर असलेल्या मरीयेला बरोबर घेऊन, यहूदीयातील बेथलेहेम गावी आला. तेथे तिचे दिवस भरले. तिने आपल्या पहिल्या मुलाला बाळंत्याने गुंडाळले आणि गव्हाणीत ठेवले, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. शुभवर्तमानकार याहून अधिक वर्णन करीत नाही. त्या काळी त्या मुलखातील साध्या घरांत रात्री जनावरे घराच्याच एका भागात बांधत असत आणि गव्हाणी पुष्कळदा दगडाची असे. आपल्याकडच्या जुन्या घरांत पडवीला लागून गोठा असायचा आणि रात्रभर गुरांचे उसासे व शेणाचा वास घरातल्या माणसांच्या सोबतीला असायचे, तसाच काहीसा तो प्रकार. आपण देखाव्यात मऊ गवत पसरतो, दिव्यांच्या माळा सोडतो, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या, परगावी आलेल्या एका गरीब मुलीची त्या रात्री काय अवस्था झाली असेल, हे विसरून जातो.

ही गैरसोय म्हणजे गोष्टीतला किरकोळ तपशील नाही. आरंभीच्या काळातील ख्रिस्ती प्रचारक संत पौल फिलिप्पै नगरातील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो की ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीचे आपले स्थान धरून ठेवले नाही. त्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे स्वरूप घेतले. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने नाताळाचे सगळे मर्म येथे आहे. दूर उभे राहून, वरून हात पुढे करून केलेल्या मदतीने गरज भागते, पण देणारा देणाराच राहतो आणि घेणारा मान खाली घालून घेणाराच राहतो. बेथलेहेमात देवाने ते अंतरच ठेवले नाही. तो भूक लागणारे, थंडीने रडणारे, आईच्या अंगावर पिणारे मूल झाला आणि माणसाच्या प्रीतीवर सर्वस्वी विसंबून राहिला. ज्याच्यापुढे आपण भीतीने वाकावे असे आपल्याला वाटत आले, त्याला मरीयेने आणि योसेफाने कुशीत घेऊन थोपटले. भीतीने माणूस वागणूक बदलतो, मन बदलत नाही. म्हणून देव त्या वाटेने आला नाही, असे मला वाटते.

आता त्या रात्री ही बातमी प्रथम कोणाला कळली ते पाहा. रानात राहून आपले कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. त्यांनी त्यासाठी उपासतापास केले होते असे शुभवर्तमान म्हणत नाही, आणि देवदूतानेही त्यांना त्यांच्या आचरणाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. ‘भिऊ नका’ हे त्याचे पहिले शब्द. ते बेथलेहेमास गेले, त्यांनी बाळाला पाहिले, आणि मग देवाचा गौरव व स्तुती करीत परत गेले. परत गेले म्हणजे त्याच रानात, त्याच मेंढरांकडे. त्यांची परिस्थिती तसूभरही बदलली नव्हती, तरी ते आता पूर्वीचे उरले नव्हते. बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्रात लेखक हा क्रम एका वाक्यात सांगतो: ‘पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो.’

याच क्रमाचे एक ठळक उदाहरण येशूच्या पुढील आयुष्यात सापडते. यरीहो शहरात जक्कय नावाचा मुख्य जकातदार होता. रोमी सत्तेसाठी कर गोळा करायचा आणि त्यात स्वतःचे घर भरायचे, अशी त्या धंद्याची ख्याती. त्यामुळे तो श्रीमंत होता आणि लोकांच्या मनातून उतरलेला होता. येशू गावातून चालला आहे असे कळल्यावर त्याला पाहण्यासाठी हा ठेंगणा माणूस पुढे धावत गेला आणि उंबराच्या झाडावर चढून बसला. येशू झाडाखाली थांबला, त्याने वर पाहिले आणि त्याला नावाने हाक मारून म्हटले की लवकर खाली ये, आज मला तुझ्याच घरी राहायचे आहे. लोक कुरकुरू लागले. येशूने त्याला आधी हिशेब दाखवायला सांगितले नव्हते, पश्चात्तापाची अट घातली नव्हती. पण घरी पाहुणा म्हणून तो आला, आणि जक्कय उभा राहून म्हणाला की मी माझे अर्धे धन गरिबांना देतो, आणि कोणाचे काही अन्यायाने घेतले असेल तर ते चौपट परत करतो. जन्माच्या वेळी ज्याला उतरायला जागा मिळाली नाही, तो आता नको असलेल्या माणसाच्या घरी स्वतःहून मुक्काम मागतो, आणि त्या मुक्कामाने वर्षानुवर्षांची लोभाची मूठ उघडते. प्रीतीने माणूस बदलला की त्याचा परिणाम असा रोखीत दिसतो. तो केवळ डोळ्यांत पाणी येण्यापुरता राहत नाही.

ही प्रीती मऊ आहे, पण हळवी नाही. चर्चच्या पंचांगात नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडमार होऊन मेलेला पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याचे स्मरण करतात, आणि २८ डिसेंबरला हेरोद राजाने मारविलेल्या बेथलेहेमच्या निरपराध बालकांचे. गव्हाणीतल्या बाळालाही आईबापांसह रातोरात मिसर देशात पळावे लागले. जगात क्रौर्य आहे हे नीट ठाऊक असूनच देव त्यात शिरला.

श्रोतेहो, अशी प्रीती माणसाचे काय करते हे आपल्या महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे, आणि त्यासाठी मला पंडिता रमाबाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी ऐन तारुण्यात दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. पुढे भाऊ गेला, पतीही गेले. १८८३ साली आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती धर्मभगिनींच्या आश्रमात राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले घर पाहायला पाठवले. कधीकाळी स्वतः त्याच अवस्थेत असलेल्या काही स्त्रिया तेथे इतक्या बदलल्या होत्या की आता आजाऱ्यांची आणि दुःखितांची सेवा करीत होत्या. रमाबाई थक्क झाल्या. अशा स्त्रियांविषयी इतकी आस्था वाटावी असे यांना कोणी शिकवले, असा प्रश्न त्यांनी विचारला, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्या शोमरोनी समाजातील एक स्त्री यांच्या भेटीचा प्रसंग वाचून दाखवला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेतला.

पण येथे रमाबाईंच्या प्रामाणिकपणाला मी विशेष मान देतो. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढी विद्वत्ता, एवढा त्याग, १८८९ साली विधवांसाठी सुरू केलेल्या शारदा सदन या शाळेचे काम हे सगळे हाती असताना एखादी व्यक्ती असे म्हणते, तेव्हा चर्चमध्ये जाऊन, गाणी गाऊन आणि केक कापून नाताळ साजरा झाला असे मानणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांना थोडे थांबावेच लागते.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. तो तेव्हाच्या मध्य प्रांतात भीषण होता. रमाबाईंना उपासमार म्हणजे काय ते पुस्तकातून शिकायचे नव्हते. ती त्यांनी अंगावर काढलेली होती. त्या स्वतः त्या भागात गेल्या आणि मिळतील तेवढ्या अनाथ मुली, विधवा, परित्यक्ता यांना घेऊन आल्या. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील केडगाव येथे त्यांनी जमीन घेतलेली होती; तेथे ‘मुक्ती’ ही निराधार स्त्रियांसाठीची संस्था उभी राहिली. पाठोपाठ गुजरातच्या दुष्काळातूनही शेकडो मुली आल्या. हाडांचे सापळे झालेल्या, उवांनी आणि खरजेने गांजलेल्या, जेवणाच्या ताटावर तुटून पडणाऱ्या मुली कशा असतील याची आपण कल्पनाच करावी. त्यांना न्हाऊ घालणे, भरवणे, अक्षर ओळखायला शिकवणे हे काम वर्षानुवर्षांचे होते. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याचे काम मनोरमेने हाती घेतले. विणकाम, शेती, दुग्धालय, तेलाचा घाणा, छापखाना, सगळे बायकांनी चालवले. रमाबाई त्यांच्या मधोमध राहिल्या, पांढऱ्या सुती साडीत, त्यांच्यासारखेच साधे जेवण जेवत.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी एक अवघड काम अंगावर घेतले होते. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईलाही वाचून कळेल अशा सोप्या मराठीत त्यांना बायबलचे भाषांतर करायचे होते, आणि त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. ऐकू कमी येत होते, प्रकृती खचली होती, १९२१ साली मनोरमाही गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. मुक्तीच्याच छापखान्यात, तेथेच वाढलेल्या बायकांनी एकेक खिळा जुळवून ते छापले. ज्यांच्यासाठी कोणाच्या घरी जागा नव्हती, त्यांनी गव्हाणीत ठेवलेल्या बाळाची हकिकत आपल्या हातांनी इतरांपर्यंत पोचवली.

आपणा सर्वांना नाताळाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. नमस्कार.