टोंगळ्याच्या आतली साफसफाई

रावेर तालुक्यातली केळीची बाग. कोयत्याचा घाव बसतो, झाड कलतं आणि घड थेट खांद्यावर येतो. चांगला भरलेला घड वीस-पंचवीस किलोच्या घरात जातो. तो घेऊन ओल्या वाफ्यांतून, लोंबत्या पानांखालून गाडीपर्यंत जायचं. गाडी भरेपर्यंत हेच.

पन्नाशी ओलांडलेली माणसं इथे सांगतात, "टोंगळे घासले गेले ना भाऊ!" टोंगळे म्हणजे गुडघे. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणतात, गॅप कमी झाली. ती गॅप रिकामी नसते बरं का. तिथे कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, लवचीक आवरण असतं, एक्स-रेत उमटत नाही एवढंच. ती पातळ झाली की हाडं जवळ आलेली दिसतात.

घासलं जाणं खरंच आहे. मात्र तेवढ्यानं सगळा उलगडा होत नाही.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. पेशी विरळ, आणि त्या सहसा विभागत नाहीत. म्हणजे तीच पेशी वर्षानुवर्षं तिथे राबते. बिघडलेली प्रथिनं, थकलेली मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग), हा कचरा तिचा तिलाच निस्तरावा लागतो. घड कापल्यावर शेतकरी खोड बऱ्याचदा तसंच ठेवतो. त्यातला रस बुंध्यातून फुटलेल्या पिलाला मिळतो, पिलबाग म्हणजे पिलांचं पुढचं पीक पोसतं. पेशीतही असंच चालतं. निकामी भागाभोवती दुहेरी पडद्याची पिशवी तयार होते, ती पाचकरसांनी भरलेल्या लायसोसोमला जाऊन मिळते आणि सुटे झालेले घटक पेशी परत वापरते. हीच ऑटोफॅजी.

जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी ती यीस्टमध्ये पकडली. पाचक विकरं नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं. काही तासांत पेशीतली पोकळी न पचलेल्या पिशव्यांनी गच्च भरली, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसण्याइतकी! 2016 चं नोबेल त्यांना मिळालं.

गुडघ्याशी हा धागा जुळला 2010 मध्ये. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांना दिसलं, की वय वाढलेल्या आणि ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांच्या झिजेचा आजार) झालेल्या कूर्चेत ऑटोफॅजी चालवणारी प्रथिनं घटलेली असतात आणि मरणाऱ्या पेशी वाढलेल्या असतात. सफाई थांबली की बिघडलेली मायटोकाँड्रिया घातक ऑक्सिजन-रेणू सोडतात, दाह वाढतो आणि पेशी स्वतःच्याच भोवतीचं कोलॅजन, म्हणजे कूर्चेला बळकटी देणारं प्रथिन, तोडणारी विकरं बाहेर टाकू लागते. मग रोजचं ओझं त्या कमकुवत कूर्चेवर पडतं.

2012 मध्ये उंदरांना रॅपामायसिन दिल्यावर सांध्याची झीज कमी झाली. पण हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं. किडनी बदललेल्या रुग्णांना देतात ते याचसाठी. गुडघ्यासाठी मनानं घेण्याची ही गोळी नव्हे.

मोबाइलवर हल्ली फिरतं, की उपास करा, ऑटोफॅजी वाढेल, गुडघे भरून येतील. उपाशी पेशीत ती वाढते हे खरं. माणसाची झिजलेली कूर्चा त्यानं भरून येते, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. आणि आपली एकादशी म्हणजे साबुदाणा नि शेंगदाणे!

तूर्त हाताशी आहे ते साधंच. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, आणि अंगचं वजन जास्त असेल तर ते उतरवणं: किलोभर उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं घटतो. घडाचं वजन मात्र तेवढंच राहतं. ते गाडीवर की खांद्यावर, हे बागवाल्याच्या हातात आहे.