पाय कुठायत?

मंडळी, पडद्यावरचा हा फोटो जरा निवांत बघा. वारीतल्या एक आजी. डोक्यावर तुळशीवृंदावन, कपाळाला बुक्का, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं आणि मागचं सगळं धूसर. दिवे घाट चढून पालखी सासवडकडे निघाली तेव्हा काढलेला. ८५ एमएमची, लांबून चेहरा टिपणारी लेन्स; अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, मोठं उघडलेलं, १.८. वर्षभर हा माझा सगळ्यात लाडका फोटो होता. मोठा करून घरात दर्शनी भिंतीवर लावला होता. एकदा मावशी आली, फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कोण रे ह्या?"

मला सांगता येईना. नाव नाही, गाव नाही. त्या रात्री मी त्या वारीतले सगळे फोटो पुन्हा काढून बघितले. फेटा, टाळ, वृंदावन, पताका, भेगाळलेले हात. माणसं शेकडो होती, पण नाव एकाचंही नव्हतं.

असं आपल्याकडे आधीही झालेलं आहे. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या लोकांच्या फोटोंचे आठ खंड लंडनमध्ये छापले. त्यातल्या बऱ्याच फोटोंखाली माणसाचं नाव नाही, जातीचं किंवा जमातीचं आहे. माणूस नमुना म्हणून उभा केलेला. माझ्या भिंतीवरच्या फोटोखाली मी तरी काय लिहिलं असतं? 'वारकरी स्त्री', एवढंच. मला त्याचा फार त्रास झाला.

पण वारीची एक मोठी सोय आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत दिंड्यांना क्रमांक असतात, आणि कोणती दिंडी रथापुढे, कोणती रथामागे, हे ठरलेलं असतं. माझ्या मूळ फोटोच्या कडेला एका ट्रकवरची पाटी अर्धवट आली होती. 'रथामागे', आणि पुढे आकडा. छापताना मी ती कापून टाकली होती. तोच आकडा घेऊन पुढच्या वर्षी फोटोची प्रत प्लास्टिकमध्ये गुंडाळून निघालो. बरडच्या मुक्कामी दिंडी सापडली. आजी ट्रकच्या सावलीला पाय पसरून बसल्या होत्या.

त्यांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. मग म्हणाल्या, "त्वांड हाय, तुळस हाय. पर माझं पाय कुठायत? आळंदीधरनं चालतीया कशावर मी?"

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ज्या पायांवर ती वाट झाली तेच मी चौकटीबाहेर ठेवले होते. व्यक्तिचित्र म्हणजे चेहरा, डोळे, डोळ्यांतली चमक, असं आम्ही फोटोवाले एकमेकांना शिकवत आलो. आजींना ते मान्य नव्हतं, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं.

"आता नीट काढ," म्हणाल्या. तांब्याभर पाणी घेऊन पाय धुतले, पदर सारखा केला, जावेला हाक मारली. दोघी शेजारी शेजारी, हात सरळ खाली, नजर थेट कॅमेऱ्यात. कुणी हसायचं नाही.

इथे थोडं तंत्राचं सांगतो. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत ८५ एमएममध्ये बसवायचा तर पावणेपाच मीटर मागे जावं लागतं. राहुट्यांच्या गर्दीत तेवढी जागा कुठली? ३५ एमएमची लेन्स जास्त रुंद बघते, तिला दोन मीटर पुरतात. फक्त कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरलात तर पाय बारीक दिसतात. तो कमरेपर्यंत खाली आणायचा. दुसरी अडचण पांढऱ्या कपड्यांची. चौकटीत पांढरं फार झालं की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर फसतो, तो सगळंच करडं करायला बघतो आणि उन्हात रापलेले चेहरे काळे पडतात. म्हणून प्रकाश चेहऱ्यावर मोजायचा. आषाढातलं ढगाळ आभाळ मात्र तुमच्या बाजूचं असतं. सावल्या मऊ येतात, डोळ्यांखाली काळं साचत नाही.

दिवे घाटात टेकडीवर कॅमेऱ्यांची रांग लागते, मीही तिथे अनेकदा उभा राहिलो आहे. नागमोडी वाटेवरचा तो पांढरा प्रवाह बघून ऊर भरून येतो. पण आता मी विसाव्याच्या जागी जास्त वेळ घालवतो. आधी बसतो, चहा होतो, कुठल्या गावचे ते कळतं. फोटो काढू का, हे नंतर विचारतो आणि कसा काढू, हेही विचारतो. एका बाबांना वीणा हातात हवी होती, एका मुलाला नवी चप्पल दिसायला हवी होती. घरी आल्यावर प्रती काढून प्रत्येकीच्या मागे नाव, गाव, दिंडी क्रमांक लिहितो आणि पुढच्या वारीत पोचवतो.

आजींचं नाव इथे सांगत नाही, कारण तसं त्यांना विचारलेलं नाही. ते फोटोच्या मागे आहे. आता भिंतीवर दुसरा फोटो आहे, तोच पडद्यावर लावतो. आधी खाली बघा. उजव्या टाचेला पट्टी दिसते ना? ती त्याच दुपारी दिंडीतल्या एका पोराने बांधली होती.