रिकाम्या सीटचा हिशेब

(दृश्य : बोर्डिंग गेट. रांग जवळजवळ संपलेली. काउंटरच्या बाजूला बॅगा घेऊन पाच-सहाजण उभे.)

तिकिटं काढलेले प्रवासी आत गेले आहेत. बाजूला उभी असलेली ही माणसं याच एअरलाइनची, रजेवर निघालेली. त्यांच्याकडेही तिकीट आहे, पण सीट नंबर नाही. विमानात जागा उरली तर ती जातील, नाही तर पुढच्या विमानाची वाट बघतील.

एअरलाइनमध्ये नोकरी लागली की लोक आधी विचारतात, ‘मग काय, फुकट फिरायला मिळणार ना?’ तेव्हा सुरुवात तिथूनच करू. विमान एकदा उडालं की त्यातल्या रिकाम्या सीटची किंमत शून्य होते. ती उद्या विकता येत नाही, साठवून ठेवता येत नाही. मग आपल्याच माणसाला ती दिली तर कंपनीचं फारसं काही जात नाही. स्टाफ तिकीट या हिशेबातून आलं. मूळ भाड्यात नव्वद टक्के सवलत असलेल्या तिकिटाला या धंद्यात ‘आयडी नाइन्टी’ म्हणतात. जोडीदार, मुलं आणि बऱ्याच कंपन्यांत आईवडीलही या सवलतीत येतात. कंपन्यांचे आपापसात करार असतात, त्यामुळे दुसऱ्या एअरलाइनच्या विमानातही अंतराप्रमाणे ठरलेल्या कमी दरात जाता येतं.

हा फायदा खरा आहे. बॅगा चढवणारा माणूस आपल्या आईला समुद्रापलीकडच्या नातवंडाकडे घेऊन जाऊ शकतो. तेवढ्या पगाराच्या दुसऱ्या नोकरीत हे सहसा जमत नाही.

पण स्टँडबायची, म्हणजे उरलेल्या सीटसाठी थांबलेल्यांची, यादी कशी चालते ते जवळून बघा. काही कंपन्यांत सेवाज्येष्ठतेने नंबर लागतो, काहींत जो आधी चेक-इन करेल त्याचा. मुलांना सुट्ट्या लागतात तेव्हाच विमानं भरलेली असतात. चौघांचं कुटुंब गेटवर उभं राहतं आणि काउंटरवरची सहकारी विचारते, ‘सर, दोनच सीट आहेत. दोघं जाता, की चौघं थांबता?’ दार बंद व्हायला आलेलं असतं, विचार करायला मिनिटभरही नसतो. आई एका मुलाला घेऊन पुढे जाते, वडील दुसऱ्याला घेऊन मागे राहतात. परतीच्या वेळी असंच अडकलं आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटी असली, की पूर्ण भाड्याचं तिकीट काढावं लागतं. सवलतीत वाचलेले पैसे त्या एका तिकिटात जातात.

(दृश्य : रात्रीची धावपट्टी. एकामागून एक उतरणारी विमानं.)

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा ते एक पैसाही कमवत नाही. म्हणून ते पहाटे उडतं, मध्यरात्री उडतं, सणाला उडतं. बाकीच्यांची सुट्टी म्हणजे इथे सगळ्यात जास्त कामाचे दिवस. कुठलं विमान, कुठला लेओव्हर (परगावचा मुक्काम), कुठला दिवस सुट्टीचा, हे रोस्टर म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक ठरवतं, आणि जिथे ज्येष्ठतेची पद्धत आहे तिथे रोस्टरवर ज्येष्ठता क्रमांकाचं राज्य असतं. जुन्या लोकांनी हवं ते निवडल्यावर जे उरेल ते नव्यांचं. नव्यांच्या वाट्याला रिझर्व्ह ड्यूटीही येते: बॅग भरलेली, युनिफॉर्म इस्त्री केलेला, फोन हाताशी. फोन आला की ठरलेल्या वेळात विमानतळ गाठायचा. नाही आला तरी दिवस आपला नसतोच.

या क्रमांकाची एक बाजू बाहेरच्यांना दिसत नाही. कंपनी बदलली की तो सोबत येत नाही. वीस वर्षं उडवलेला कॅप्टनसुद्धा नव्या कंपनीत यादीच्या तळाशी जाऊ शकतो. त्यामुळे मन उडालं तरी पाय निघत नाही, असे किती तरी लोक या धंद्यात आहेत. मला हा तोटा अवेळी ड्यूटीपेक्षाही मोठा वाटतो.

सवलतीचा प्रवास कधीकधी थकव्यातही भर घालतो. राहायचं एका शहरात, बेस (जिथून ड्यूटी सुरू होते ते ठिकाण) दुसऱ्या शहरात, आणि ड्यूटीसाठी स्टँडबायवर ये-जा. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ एक विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. त्या विमानाची सहवैमानिक ड्यूटीवर हजर होण्यासाठी आदल्या रात्री मालवाहू विमानांतून देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आली होती. दुर्घटनेचं मुख्य कारण हाताळणीतली चूक ठरलं, पण वैमानिकांची झोप, त्यांचा पगार आणि ही ये-जा पहिल्यांदाच एवढ्या उघडपणे चर्चेत आली. २०१४पासून अमेरिकेत प्रवासी विमानांच्या वैमानिकांना ड्यूटीआधी किमान १० तासांची विश्रांती बंधनकारक झाली.

(दृश्य : केबिन. आपत्कालीन दाराजवळच्या जंप सीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, बसलेली क्रू मेंबर.)

केबिन क्रू ट्रॉली घेऊन येतात, म्हणून प्रवाशांना वाटतं तेच त्यांचं काम. खरं काम दारापाशी आहे. नव्या विमानाला मान्यता मिळण्यासाठी निम्मी दारं बंद ठेवून, अंधारात, ९० सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर काढता येतात हे सिद्ध करावं लागतं. क्रूला प्रशिक्षण मिळतं ते अशा प्रसंगासाठी. १९३० मध्ये एलन चर्च ही पहिली हवाई परिचारिका कामावर रुजू झाली, ती प्रशिक्षित नर्स होती. पुढची कित्येक दशकं मात्र या नोकरीत वय, वजन आणि लग्न यांवर जाचक अटी राहिल्या. पहिल्या गरोदरपणाला नोकरी संपवणारी अट भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केली. आज या नोकरीला जो सन्मान आहे, तो बायकांनी कोर्टात आणि संघटनांत लढून मिळवलेला आहे.

शरीराचा हिशेब वेगळाच. केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरासारखी विरळ असते आणि लांब पल्ल्याच्या विमानात आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. घसा, डोळे, कातडी सतत कोरडी. त्यात अवकाशातून येणारा किरणोत्सर्ग. वैमानिक आणि केबिन क्रूला वर्षाकाठी साधारण २ ते ५ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मात्रा मिळते. ती अशा कामासाठी ठरलेल्या वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टच्या मर्यादेच्या बरीच खाली आहे, तरी किरणोत्सर्गाशी संबंध येणाऱ्या व्यवसायांत त्यांची गणना होते. आणि झोप! शरीराचं घड्याळ बिघडवणारं पाळीचं काम जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच ‘बहुधा कर्करोगजनक’ गटात टाकलं.

एवढं असून पगार कधी सुरू होतो? अनेक कंपन्यांत केबिन क्रूचा मुख्य तासाचा दर विमान जागचं हललं की लागू होतो. प्रवाशांना बसवणं, बॅगा वर ठेवायला मदत करणं, उशीर झाल्यावर लोकांचा राग झेलणं, हे सगळं त्याआधी घडतं. अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइनने २०२२ मध्ये बोर्डिंगच्या वेळेचा निम्म्या दराने मोबदला सुरू केला. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे सुमारे दहा हजार केबिन क्रू संपावर गेले, त्यात जमिनीवरच्या या कामाचा मोबदला ही मोठी मागणी होती. ती मागणी योग्यच होती.

(दृश्य : विमानाचं पोट. आत गुडघ्यांवर बसलेला लोडर.)

इथे कॅमेरा फारसा येत नाही. लहान विमानाच्या सामानाच्या कप्प्यात माणूस ताठ उभा राहू शकत नाही. एकजण पट्ट्यावरून बॅग वर सोडतो, दुसरा आत गुडघ्यांवर बसून ती ओढतो, वळतो आणि रचतो. काही बॅगा ३२ किलोपर्यंतच्या. बाहेर कान फोडणारा आवाज, उन्हात तापलेलं काँक्रीट, नाही तर पाऊस. गुडघे, खांदे, कंबर यांचं दुखणं वर्षागणिक वाढत जातं, आणि विमान मात्र वेळेवर निघायला हवं.

हँगरमधल्या इंजिनिअरचं कामही बरंचसं रात्रीचं. विमान उडण्यायोग्य आहे, अशी सही लॉगबुकात त्याच्या नावाने होते. त्या सहीवर कित्येक लोकांचा जीव विसंबून असतो, आणि ती विचारपूर्वक करणाऱ्या माणसाला आपल्या कामाबद्दल जो अभिमान असतो, तो मला स्टाफ तिकिटापेक्षा कितीतरी मोठा मिळकतीचा भाग वाटतो.

एक धोका सगळ्यांच्या डोक्यावर सारखाच असतो. एका प्रवाशामागे एअरलाइनच्या हाती निव्वळ नफा उरतो तो काही डॉलरचा. इंधन महागलं, युद्ध पेटलं, साथ आली की तो पुसला जातो. पॅन अ‍ॅम १९९१ मध्ये बंद पडली, स्विसएअरची विमानं २००१ मध्ये जमिनीवर आली, जेट एअरवेज २०१९ मध्ये थांबली. २०१९ मध्ये जगात सुमारे ४५० कोटी लोकांनी विमानप्रवास केला, २०२० मध्ये सुमारे १८० कोटींनी. कंपनी गेली की पगार, ज्येष्ठता क्रमांक आणि स्टाफ तिकीट एकाच दिवशी जातं.

(दृश्य : मुलाखतीसाठी बसलेले तरुण उमेदवार.)

या खोलीत बसलेल्यांनी पगाराचा आकडा विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. रिझर्व्हवर साधारण किती महिने काढावे लागतील? बेस कुठे मिळेल आणि तिथे राहायला परवडेल का? पगाराचं घड्याळ नेमकं कधी सुरू होतं? नोकरी सोडली तर प्रशिक्षणाच्या बाँडचे पैसे भरावे लागतील का? उत्तरं लेखी मागावीत. स्टाफ तिकिटाचे नियम बदलायचा हक्क बहुतेक कंपन्या स्वतःकडे ठेवतात, म्हणून त्याची चौकशी सगळ्यात शेवटी केली तरी चालेल.