रंग गेला, पण पाणी?

काचपात्रातलं हे निळं पाणी बघा. लिटरभर पाण्यात मेथिलीन ब्लू हा रंग जेमतेम १० मिलिग्रॅम, तरी सगळं पाणी गडद निळं झालंय. कापडावरचा रंग उन्हात विटू नये, धुण्यात जाऊ नये म्हणून असे रेणू मुद्दाम चिवट बनवले जातात. सांडपाण्यातून असा रंग नदीत गेला की हाच चिवटपणा नडतो. तळाच्या शेवाळापर्यंत ऊन पोचत नाही, जिवाणूंना हे रेणू सहजी पचत नाहीत.

आता यात पडतेय चिमूटभर पांढरी भुकटी, प्रकाशाच्या मदतीने रंग तोडणारी. टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतींच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. इथे मात्र एकेक कण २०-२५ नॅनोमीटरचा. अशा एक ग्रॅम भुकटीचा पृष्ठभाग भरतो सुमारे ५० चौरस मीटर, आणि सगळं काम होतं ते या पृष्ठभागावरच.

आधी अर्धा तास अंधारात ढवळायचं. काही रंग कणांना नुसताच चिकटतो, त्याचं श्रेय प्रकाशाला जायला नको.

मग दिवा. अतिनील किरण पडले की कणातला इलेक्ट्रॉन उसळतो, मागे उरते रिकामी जागा. ती पाण्याकडून इलेक्ट्रॉन खेचते आणि तयार होतो हायड्रॉक्सिल रॅडिकल. आयुष्य निमिषाचं, पण समोर येईल त्या रेणूचे लचके तोडणारा. उसळलेला इलेक्ट्रॉन पाण्यातल्या ऑक्सिजनला मिळायला हवा. बहुतेकदा तो आपल्याच जागी परत पडतो आणि प्रकाश वाया जातो. त्याला परतू द्यायचं नाही, यासाठीच या संशोधनातली बरीचशी धडपड.

फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन दाखवलं, ते १९७२ मध्ये. पण त्याला लागणारे अतिनील किरण उन्हात ५ टक्क्यांच्या आसपासच. म्हणून आता पिवळसर कार्बन नायट्राइड, बिस्मथ व्हॅनाडेट असे पदार्थ तपासले जातात. त्यांना डोळ्यांना दिसणारा प्रकाशही चालतो.

पाणी नितळ दिसू लागलं. दिवा बंद करायचा मोह इथेच होतो, आणि इथेच फसायला होतं. रंग दाखवणारा भाग तुटला, एवढंच झालंय. उरलेले तुकडे पाण्यातच असतात. काही मूळ रंगापेक्षाही विषारी ठरू शकतात. म्हणून मोजायचा तो एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे अशा सगळ्या तुकड्यांत मिळून उरलेला कार्बन. तो उतरेपर्यंत दिवा चालूच ठेवायचा.

आणि भुकटीही पाण्यात राहता कामा नये. या दुसऱ्या नमुन्यातल्या कणांच्या गाभ्यात लोहाचं चुंबकीय ऑक्साइड आहे. काचेला बाहेरून चुंबक लावला. बघा, गढूळपणा हळूहळू एका बाजूला सरकतोय.